गाडीतला वास जाता जात नाही? आधी तो कुठे मुरलाय ते शोधा

मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या नवी पेठेत गाडी लावावी, दीड तास खरेदी करावी आणि परत येऊन दार उघडावं. पहिल्याच श्वासात गाडीचा सगळा इतिहास नाकात शिरतो. महिन्यापूर्वी फुटलेली दुधाची पिशवी, डिकीत कलंडलेला शेंगा चटणीचा डबा, पावसाळ्यात भिजून तसंच राहिलेलं कार्पेट, आणि या सगळ्यावर डॅशबोर्डवरच्या जेल परफ्यूमचा गोडसर थर. सकाळी आठ वाजता त्याच गाडीत काहीच जाणवत नव्हतं.

याचं कारण साधं आहे. वास म्हणजे एखाद्या पदार्थातून सुटून हवेत आलेले कण. पदार्थ जितका तापेल तितके ते जास्त सुटतात. बाहेर ४२ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीतली हवा ६० च्या पुढे सहज जाते, डॅशबोर्ड आणि काळी सीट तर त्याहून तापते, आणि यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. थंड हवेच्या गावात जो वास वर्षभर झाकून राहील, तो सोलापुरात मार्चमध्येच उघडा पडतो. हा त्रास आहे तसा फायदाही आहे, तो पुढे येईलच.

दुसरी गोष्ट, वास हवेत राहत नाही. हवेतला वास चार दारं उघडून पाच मिनिटांत निघून जातो. तो परत येतो कारण त्याचा साठा कुठेतरी मऊ वस्तूत आहे: सीटचा फोम, कार्पेटखालचा फेल्टचा जाड थर, छताचं कापड, सीट बेल्टची पट्टी, एसीची कूलिंग कॉइल. त्यामुळे डॅशबोर्डवर परफ्यूम ठेवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कापूर, धूप, कॉफी पावडर यांचंही तेच. ते आपला वास मिसळतात, आधीचा काढत नाहीत. शिवाय जेल परफ्यूम उन्हात पातळ होऊन डॅशबोर्डवर सांडलं तर प्लास्टिकवर कायमचा डाग पडतो.

काही वास मात्र धुवायचे नसतात, त्यांच्यासाठी आधी मेकॅनिक. पेट्रोलचा वास येत असेल तर मागच्या सीटखाली पाहायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकी तिथेच खाली असते आणि पंपाचं झाकण किंवा त्याचं सील सैल झालेलं असतं. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात. तो आला की गाडी मोकळ्यावर थांबवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, कुठलंही बटण दाबत बसू नका. सडक्या अंड्यासारखा वास बॅटरी जास्त चार्ज होत असल्याचं किंवा सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं. गोडसर, चिकट वास आणि काचेवर आतून तेलकट वाफ असेल तर हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतंय. आणि सायलेन्सरच्या धुराचा वास आत येत असेल तर काचा उघडून सरळ गॅरेज गाठा, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

उरलेले सगळे वास आपल्या हातातले.

नाकाने तपास

आपलं नाक काही मिनिटांत कुठल्याही वासाला सरावतं. म्हणून गाडीत बसून वास शोधायचा नाही. ताजं काही सांडलेलं नसेल तर गाडी दोन तास उन्हात बंद ठेवा, तुम्ही तोवर बाहेरच्या हवेत राहा. मग एकेक दार उघडून लगेच डोकं आत घाला आणि सीटजवळ, पायाशी, छताशी, डिकीत असं वेगवेगळं हुंगा. पहिल्या दहा सेकंदांत जे जाणवतं तेच खरं. नंतर पांढऱ्या सुती कापडाचे पाच-सहा तुकडे कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, संशय असलेल्या प्रत्येक जागी एकेक तुकडा मिनिटभर दाबून धरा आणि गाडीपासून वीस पावलं दूर नेऊन वास घ्या. कोणता तुकडा कुठला हे लक्षात ठेवायला कोपऱ्यावर पेनाने आकडा घाला. मागच्या सीटवरच्या वासासाठी लोक अख्खी गाडी शाम्पूने धुतात आणि दोष निघतो ड्रायव्हरच्या पायाखालच्या कार्पेटमध्ये, असं वारंवार होतं.

एसी चालू केल्यावर पहिला एक मिनिट वास येतो आणि मग कमी होतो, तर साठा एसीत आहे. एसी बंद, ब्लोअरही बंद असताना वास येतो, तर साठा कापडात आहे. बाहेरची हवा घेतल्यावरच येतो आणि आतली हवा फिरवल्यावर थांबतो, तर वायपरखालच्या जाळीत काहीतरी कुजतंय: पाला, किंवा मेलेला उंदीर.

दूध: सगळ्यात चिवट गिऱ्हाईक

अर्ध्या लिटरची पिशवी मागच्या सीटवर फुटली असं धरा. वरून पुसलं, पाणी मारलं, तिसऱ्या दिवसापासून वास सुरू. होतं असं की दूध फोममध्ये आठ-दहा सेंटिमीटर खोल उतरतं, बाकीचं सीटच्या फटीतून खाली फेल्टमध्ये जातं. जिवाणू त्यातली साखर आंबवतात, स्निग्धांशाचे तुकडे करतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं. खवट लोण्याला आणि उलटीला जो वास असतो तो याच आम्लाचा. त्यात सीट उन्हात तापली की दूध वाळून त्यातली प्रथिनं धाग्यांना चिकटून बसतात. म्हणून पहिला नियम: दूध, अंडं, रक्त किंवा उलटी सांडली की गाडी सावलीत घ्या, आणि गरम पाणी किंवा स्टीम वापरू नका. थंड पाणी.

सीटवर रेक्झिनचं कव्हर असेल तर ते काढावंच लागेल. दूध शिलाईच्या भोकांतून आत गेलेलं असतं आणि रेक्झिन आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. कव्हर वरून चकचकीत पुसून ठेवलं आणि वास तसाच, याचं निम्म्या वेळा हेच कारण.

आता टिपणं. इथे सोलापूरकरांच्या घरात हत्यार तयारच असतं. आपल्याकडच्या टेरी टॉवेलचे फंदे पाणी ओढून घेण्यासाठीच विणलेले असतात. जुना टॉवेल चार पदरी घडी करून डागावर ठेवा आणि त्यावर गुडघा रोवून अर्धा मिनिट वजन द्या. घडी उलटा, कोरडी बाजू लावा, पुन्हा दाबा. घासायचं अजिबात नाही, घासल्याने दूध आणखी पसरतं आणि खोल जातं. टॉवेल जवळपास कोरडा निघेपर्यंत हे करा. ओलं ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तमच.

त्यानंतर मागच्या सीटची बैठक काढा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तिची पुढची कड दोन क्लिपांवर बसलेली असते, दोन्ही हातांनी सरळ वर झटका दिला की सुटते. काहींत एक-दोन बोल्ट असतात. खालचा फेल्ट हाताने दाबून पाहा. ओला लागला तर तोही बाहेर. समोरची सीट काढायची वेळ आली तर साधारण चार बोल्ट असतात, बहुतेकदा १४ नंबरच्या पान्याचे. पण तिच्याखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, दहा मिनिटं थांबा, मगच त्याला हात लावा, आणि ते जोडेपर्यंत चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो.

बैठक बाहेर आली की डागावर अर्धा लिटर थंड पाणी हळूहळू ओता, दाबून किंवा व्हॅक्यूमने ओढून घ्या. निघणारं पाणी गढूळ आहे तोवर पुन्हा, साधारण तीनदा. मग एन्झाइम क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी जो विकतात तोच चालतो, फक्त बाटलीवर प्रोटीएज आणि लायपेज दोन्ही आहेत ना बघा. पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं स्निग्धांश. इथे सगळ्यांचा हात आखडतो. चार फवारे मारून काही होत नाही. दूध जिथवर गेलं तिथवर औषध गेलं पाहिजे, म्हणजे अर्धा लिटर दूध मुरलं असेल तर तयार द्रावणही निदान अर्धा लिटर लागतं. आणि एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत वरचा थर अर्ध्या तासात वाळतो आणि काम तिथेच थांबतं. म्हणून ओतल्यावर वर प्लास्टिकचा कागद अंथरा, कडा दाबा आणि आठ ते बारा तास सावलीत ठेवा. खोलीचं ३०-३५ अंश तापमान त्याला मानवतं. उन्हात ठेवलं तर एन्झाइमच शिजून निकामी होऊ शकतं. त्याच्या आधी डेटॉल, फिनेल किंवा ब्लीच मारलेलं असेल तरी तेच. आधी ते धुऊन काढा.

शेवटी पुन्हा साधं पाणी, पुन्हा ओढणं. या शेवटच्या पाण्यासाठी बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअर जड असतं, वाळल्यावर कापडावर क्षारांची पांढरी कड राहते आणि साबणाचा चिकटा नीट सुटत नाही. जारचं पाणी किंवा एसीच्या नळीखाली जमलेलं पाणी वापरा. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीतलं पाणी मात्र नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

एवढं करूनही फेल्टला वास राहिलाच, तर त्याच्याशी भांडू नका. तेवढा तुकडा कापून टाका आणि सीट कव्हरवाल्याकडून त्याच जाडीचा नवा बसवून घ्या.

सोडा कधी, व्हिनेगर कधी

घरगुती उपायांत सोडा आणि व्हिनेगर ही जोडी सगळीकडे सापडते, बहुतेकदा एकत्र. एकत्र ओतले की फेस येतो, छान वाटतं, आणि दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात. उरतं ते नुसतं क्षाराचं पाणी. कुठला वास आम्लाचा आणि कुठला आम्लारीचा एवढं कळलं की गोंधळ मिटतो.

जुनं दूध, ताक, उलटी, घामट सीट हे आम्लाचे वास. यांना खायचा सोडा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, विरघळवून भिजवा, पंधरा मिनिटांनी ओढून घ्या. आम्लाचा क्षार झाला की तो हवेत उडत नाही, म्हणून वास थांबतो. कोरडी पावडर नुसती भुरभुरवली तर ती जिथे टेकते तेवढ्याच वासाला धरते. फोमच्या आत ती जात नाही.

मासळी आणि जुनी लघवी हे दुसऱ्या बाजूचे. मासळीचा वास अमाइन नावाच्या आम्लारी पदार्थांचा असतो. समुद्री मासळीत हे जास्त, उजनी धरणातल्या चिलापी (तिलापिया) माशात कमी, पण बर्फाचं पाणी डिकीतल्या कार्पेटवर सांडून दोन दिवस बंद राहिलं की चिलापीही आपलं नाव राखते. यावर सोडा घातला तर वास उलट भडकतो. इथे पांढरं व्हिनेगर एकास तीन पट पाणी घालून, किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व लिटरला १० ग्रॅम. दहा मिनिटं ठेवा, ओढून घ्या, साध्या पाण्याने धुवा. पत्र्यावर आणि बोल्टवर ते राहू देऊ नका, गंज धरतो. स्पेअर टायरच्या खोलगट जागेत हमखास पाणी साचलेलं असतं. मॅट उचलून टायर काढल्याशिवाय डिकी स्वच्छ झाली म्हणू नये.

लघवी ताजी असेल तर दुधासारखंच: टिपा, थंड पाणी, एन्झाइम. जुनी असेल तर तिच्यात अमोनिया तयार झालेला असतो, त्याला आधी व्हिनेगरचं पाणी, ते पूर्ण धुऊन मग एन्झाइम. मांजराच्या लघवीत युरिक आम्लाचे स्फटिक राहतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. उन्हाळाभर शांत असतात आणि जूनची पहिली दमट हवा आली की पुन्हा वास सुरू. त्याला एन्झाइमचे दोन-तीन हात लागतात. ब्लीच मात्र लघवीवर कधीच ओतू नका. अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, आणि बंद गाडीत तो सरळ तुमच्या छातीत जातो. ब्लीच आणि व्हिनेगरचं मिश्रणही तितकंच घातक.

तेल या दोन्हींत बसत नाही. शेंगा चटणीचा डबा डिकीत कलंडला की लाल तेल कार्पेटमध्ये उतरतं. पहिले काही दिवस वास चांगलाच लागतो, भूकसुद्धा लागते. मग उन्हात तेलाचा हवेशी संयोग होऊन ते खवट होतं आणि जुन्या शेंगदाण्याच्या पोत्याचा वास धरतं. सोडा, व्हिनेगर, एन्झाइम यांतलं काहीही तेलाला पुरेसं नाही. आधी कोरडी चटणी चमच्याने खरवडून घ्या, मग डागावर टाल्कम पावडर जाड थर देऊन रात्रभर ठेवा (ज्वारीचं पीठ नको, राहिलेलं पीठ ओलं झालं की आंबतं). सकाळी व्हॅक्यूम करा. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, मऊ ब्रशने हलकं फिरवा, टॉवेलने ओढा. साबण जास्त झाला तर तो कार्पेटमध्ये राहतो आणि पुढे धूळ पकडून तो भाग काळा पडतो. म्हणून धुण्याचं पाणी बुडबुड्यांशिवाय निघेपर्यंत थांबायचं नाही.

फवारणीच्या औषधाची बाटली डिकीत गळली असेल तर हे सगळं विसरा. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा, आणि ते कार्पेट, ती मॅट टाकून द्या. ते धुऊन वाचवण्यात शहाणपण नाही.

एसीतला कुबट वास

मार्चपासून मेपर्यंत आपल्याकडची हवा कोरडी आणि धुळीची. डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलवर थोडं पाणी आणि भरपूर धूळ असा लेप चढत जातो. जूनमध्ये दमट हवा आली की कॉइल सतत ओली राहते, त्या लेपावर बुरशी आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. मग एसी लावला की ओल्या मोज्यांसारखा किंवा आंबूस वास. गॅस भरून हा वास जात नाही. गॅसचा त्याच्याशी संबंधच नाही. तरी दरवर्षी जूनमध्ये त्यापायी पैसे जातात.

सुरुवात फिल्टरपासून. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो. खण रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे आडवं झाकण दिसतं, त्याच्या क्लिपा दाबून फिल्टर ओढा. काढताना त्यावरचा बाण कुठे होता ते बघून ठेवा. करडा-काळा झालेला, पाला अडकलेला किंवा उंदराने कुरतडलेला फिल्टर झटकून परत लावू नका. नवा काही शे रुपयांत येतो आणि आपल्या धुळीत वर्षातून एकदा तरी बदलावा, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच, नुसती रिकामी खाच असते; अशा गाडीची कॉइल लवकर घाण होते.

दुसरं, पाण्याची नळी. एसी चालू असताना गाडीखाली, डाव्या सीटच्या पुढच्या बाजूला थेंब पडले पाहिजेत. मेच्या कोरड्या दुपारी थेंब कमी दिसले म्हणून नळी तुंबली असं लगेच ठरवू नका, हवेतच ओल कमी असते. जुलैमध्ये पंधरा मिनिटांत एकही थेंब नाही आणि वळणावर डॅशबोर्डमधून पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, तर नळी नक्की तुंबली. ते पाणी मग डाव्या पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. खालून मऊ नळी किंवा केबल टाय घालून हलक्या हाताने चिखल मोकळा करावा. टोकदार तार घालू नका, कॉइलला भोक पडलं तर खर्च हजारांत जातो.

नळी वाहती झाली की कॉइल क्लीनरचा फोम. तो स्प्रेच्या डब्यात, लांब नळीसह मिळतो. इंजिन बंद, ब्लोअर बंद, फिल्टरच्या खाचेतून नळी कॉइलच्या दिशेने सरकवा आणि डबा रिकामा होईपर्यंत नळी हळूहळू मागे घेत मारा. ब्लोअरच्या मोटरवर आणि त्याच्या रेझिस्टरवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या भागावर) फोम जाऊ देऊ नका. वीस मिनिटांत फोम पातळ होऊन खालच्या नळीतून काळं पाणी गळायला लागतं. नाही गळलं, तर नळीचं काम अजून राहिलंय. मग काचा उघड्या ठेवून, एसी बंद, हीटर पूर्ण आणि ब्लोअर जोरात असं दहा मिनिटं चालवा, नंतर नवा फिल्टर घाला. घरचं ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर कॉइलवर मारणारे भेटतात. ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या त्याने खाऊन जातात.

वास पुन्हा येऊ नये म्हणून एकच सवय पुरते. घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी, समजा सात रस्ता चौकात पोहोचलात की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि हवा बाहेरची घ्या. कॉइल कोरडी होऊन गाडी बंद होते. धुळीपायी आपण बारा महिने आतलीच हवा फिरवत ठेवतो, त्यामुळे ओल आतच राहते.

ओलं कार्पेट

पायाखालचं कार्पेट वरून कोरडं लागलं तरी खालचा फेल्ट ओला असू शकतो. बोटाने नाही, टाचेने दाबा आणि टिश्यू लावून पाहा. ओल कुठून आली ते तिच्या तोंडावळ्यावरून कळतं. स्वच्छ पाणी, फक्त एसी वापरल्यावर: नळी. मातकट पाणी, पावसानंतर: वायपरखालच्या जाळीत कडुलिंबाचा पाला साचलाय, किंवा दाराच्या खालच्या कडेची बारीक भोकं चिखलाने बंद झाली आहेत, किंवा दाराचं रबर फाटलंय. हिरवं-गुलाबी, चिकट पाणी: कूलंट. पावसाची गळती शोधायला एकाने आत टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी ओतत खालून वर यावं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक सापडत नाही.

विडी-सिगारेट

धुराचा चिकट लेप गाडीतल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे इथे एक जागा शोधून भागत नाही. काचा आतून, दारांचं प्लास्टिक, स्टिअरिंग, सन व्हायझरची मागची बाजू, सगळं सौम्य क्लीनरने (एक भाग क्लीनर, दहा भाग पाणी) दोनदा पुसा. पहिल्या फडक्यावर पिवळसर तपकिरी रंग येतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून क्लिपने अडकवा आणि पूर्ण लांबी पुसा. ही जागा जवळजवळ सगळेच विसरतात. छताचं कापड भिजवायचं नाही. ते पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं, जास्त पाणी लागलं की महिनाभरात मंडपासारखं लोंबतं. ओलसर मायक्रोफायबर एकाच दिशेने फिरवा, बस.

ओझोन आणि ऊन

इंटिरिअर क्लीनिंगवाले ओझोन मशीन लावतात. ओझोन वासाचे कण खरोखर तोडतो, पण हवेला लागलेल्या भागातले. फोममध्ये खोल बसलेल्या दुधापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून सफाईच्या आधी नुसता ओझोन मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. सफाईनंतर, गाडी कोरडी असताना, एसीचा पंखा आतल्या हवेवर चालू ठेवून अर्धा तास पुरतो. त्या वेळात गाडीत कोणी माणूस किंवा जनावर नको, आणि नंतर चारही दारं किमान तासभर उघडी हवीत. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो आणि वारंवार वापरला तर रबर तडकवतो.

विडीच्या किंवा नव्या प्लास्टिकच्या वासाला मात्र आपलं ऊन फुकटचं मशीन आहे. सगळं धुऊन कोरडं झाल्यावर गाडी दोन तास बंद करून उन्हात तापवा, मग सगळी दारं पंधरा मिनिटं सताड उघडा. दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. तापल्यावर सुटलेले कण दर वेळी बाहेर जातात. सांडलेलं काही आत असताना हे करायचं नाही, त्याने ते भाजून पक्कं होतं. शिवाय आधी गाडीतून सॅनिटायझर, डिओ आणि लायटर बाहेर काढा. एवढ्या उष्णतेत त्यांचा डबा फुटू शकतो.

वाळवण्याचा हिशोबही ऋतूवर आहे. एप्रिल-मेमध्ये बैठक बाहेर काढून सावलीत, पंख्यासमोर उभी ठेवली तर एका दिवसात फोम वाळतो. सप्टेंबरच्या परतीच्या पावसात त्यालाच तीन दिवस लागतात, आणि दोन दिवसांच्या वर ओला राहिलेला फोम स्वतःच कुबट होतो. त्या दिवसांत फोम जितका कमी भिजवता येईल तितका बरा, आणि व्हॅक्यूमने पाणी ओढणं टाळता येत नाही.

सगळं परत बसवल्यावर दोन दिवसांनी शेवटची परीक्षा: दुपारी दोन तास बंद गाडी, मग पहिले दहा सेकंद. वास पुन्हा आला तर अख्खी सफाई पुन्हा करायची गरज नाही. पांढऱ्या कापडाचे तुकडे घ्या आणि या वेळी सीटच्या पटऱ्यांच्या खोबणीत, हँडब्रेकच्या कव्हरखाली आणि बेल्ट जिथे खांबात शिरतो त्या फटीत दाबा. राहून गेलेलं दूध बहुतेकदा तिथेच असतं.